विश्लेषण : कमरेला पट्टा की जॅकेटमध्ये शिसे? स्कूबा डायव्हिंगमध्ये वजनाची निवड का महत्त्वाची? चिखलदऱ्याच्या पाण्यात हे गणित का बदलते?

मे महिना संपत आला, की मालवण-तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग पावसाळ्यापुरते थांबते. त्याच सुमारास राज्याच्या दुसऱ्या टोकाला, परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात गाड्यांची गर्दी वाढू लागते. उन्हाळी सुटीत मालवणच्या समुद्रात पाण्याखाली फोटो काढून आलेली वऱ्हाडातली तरुण मंडळी पावसाळ्यात भीमकुंड, शक्कर तलाव आणि मेळघाटातल्या धबधब्यांवर दिसतात. या कुंडांमध्ये बुडण्याच्या घटना घडत आल्या आहेत. अशा वेळी पाण्यात उतरतो तो शोध व बचाव पथकातला डायव्हर, आणि त्याच्या अंगावरही हौशी पर्यटकाच्या अंगावर असते तेच असते: शिशाचे वजन. हे वजन कमरेच्या पट्ट्यात बांधायचे की जॅकेटच्या खिशात ठेवायचे, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वाटतो. अडचणीच्या क्षणी मात्र तो जिवाचा होतो.

पाण्यात बुडायला वजन कशाला लागते?

पोहता न येणारा माणूस बुडतो, मग डायव्हरला मुद्दाम वजन का बांधावे लागते, असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर शाळेतल्या आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे बल तिला वर ढकलते. छातीत हवा भरलेला माणूस जवळजवळ तरंगण्याच्या काठावरच असतो. त्यात त्याने वेटसूट घातला, की तो नक्की तरंगतो. वेटसूटचे निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुड्यांनी भरलेले रबर. ३ मिलिमीटर जाडीचा पूर्ण सूटसुद्धा माणसाला दोन-तीन किलोच्या बलाने वर उचलतो.

हे बल रद्द करण्यासाठी शिसे वापरतात. पाण्याच्या ११ पट घन असल्याने शिसे थोड्या जागेत मावते. लोखंड स्वस्त असले तरी ते पाण्याच्या आठपटीहूनही कमी घन असते, शिवाय ते गंजते. शिशाचा एक किलोचा ठोकळा जेमतेम ८८ मिलिलिटर जागा घेतो, म्हणजे चहाच्या एका कपाएवढी.

वजन बांधून खाली जाण्याची कल्पना नवी नाही. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शतकानुशतके दोरीला बांधलेल्या दगडाच्या साहाय्याने तळाला जात. तळ गाठला की ते दगड सोडून देत आणि नावेवरचा सोबती तो दोरीने वर ओढून घेई. खाली जाताना वजन हवे आणि वर येताना ते सुटले पाहिजे, ही आजच्या डायव्हिंगमधली मूळ अट त्या दगडातच होती. पट्टा आणि जॅकेट हे त्याच दगडाचे दोन सुधारलेले अवतार म्हणता येतील.

पट्टा म्हणजे नेमके काय?

साधारण ५ सेंटिमीटर रुंदीची नायलॉनची पट्टी, तिच्यात ओवलेले शिशाचे ठोकळे आणि पुढे एका झटक्यात उघडणारे बक्कल. वेट बेल्ट इतकाच. त्याचा मोठा गुण म्हणजे तो जगात कुठेही सारखाच असतो. तारकर्लीला शिकलेल्या माणसाला अंदमानात किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ वेगळे काही शिकावे लागत नाही. बक्कल पोटावर, मोकळे टोक उजव्या हाताने ओढता येईल असे, आणि पट्टा बाकी कोणत्याही पट्ट्याखाली अडकलेला नाही, एवढे पाहायचे. संकटात डायव्हर स्वतः बेशुद्ध असला, तरी त्याचा जोडीदार डोळे मिटूनही ते बक्कल शोधू शकतो.

पट्टा हातात धरण्याचीही एक रीत आहे. तो मोकळ्या टोकाने कधीच सैल सोडून उचलत नाहीत, कारण मग बक्कल वर राहते तरी ठोकळे त्या टोकाकडून सरकून थेट पायावर पडू शकतात. नवख्याच्या पहिल्या दिवशीची दुखापत पाण्यात कमी आणि होडीवर जास्त होते, ती अशीच. म्हणून बक्कलाच्या उलट बाजूचे टोक मुठीत घट्ट धरायचे आणि ठोकळे जागचे हलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना अडकण लावायचे.

पट्ट्याचे दोषही ठरलेले आहेत. सगळे वजन कंबरेच्या हाडावर आणि पाठीच्या खालच्या मणक्यांवर येते. कंबरदुखी असलेल्याला दुसऱ्या डाइव्हनंतर ते जाणवतेच. दुसरा दोष खोलीवर कळतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वेटसूट दबून पातळ होतो आणि वर घट्ट बसलेला पट्टा खाली सैल पडून फिरू लागतो. बक्कल पाठीकडे गेले, तर ऐनवेळी हाताला सापडत नाही. कंबर अरुंद आणि पोट पुढे अशी ठेवण असलेल्यांचा पट्टा मांड्यांकडे घसरतो. वऱ्हाडी पाहुणचारावर वाढलेल्या अनेकांना हा अनुभव येऊ शकतो! त्यावर उपाय म्हणून काही जण रबरी पट्टा वापरतात. तो ताणून बांधला की सूट दबल्यावर आपोआप आवळतो. काही जण खांद्यावरून जाणारा वजनाचा हार्नेस घेतात.

जॅकेटमधली वजने कशी काम करतात?

डायव्हरच्या अंगावरच्या हवा भरता येणाऱ्या जॅकेटला बीसीडी म्हणतात. त्यात हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो. इंटिग्रेटेड वेट्सच्या पद्धतीत याच जॅकेटच्या दोन्ही बाजूंना वजनाचे पाऊच बसवतात. प्रत्येक पाऊचला पुढे एक मूठ असते. ती ओढली की पाऊच निघून खाली पडतो. काही जॅकेटमध्ये हे पाऊच वेल्क्रोने धरलेले असतात, काहींत प्लॅस्टिकच्या खटक्याने, तर काहींत चिमटा दाबून मग ओढावे लागते. याशिवाय पाठीमागे, सिलिंडरच्या पट्ट्याजवळ छोटे खिसे असतात. त्यांतले वजन संकटात टाकता येत नाही. ते फक्त शरीर पाण्यात आडवे राहावे यासाठी असते.

कंबर मोकळी राहते, हा या पद्धतीचा पहिला फायदा. पाण्यात असताना उचलणारी हवा आणि खाली ओढणारे वजन एकाच जॅकेटवर असल्याने अंगाला ओढ जाणवत नाही. सूट दबला तरी काही घसरत नाही. ज्यांची पाठ दुखते, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

हे सुख पाण्यापुरतेच असते. किनाऱ्यावर किंवा होडीत सगळा भार एकदम खांद्यावर येतो. ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा भरलेला सिलिंडर सुमारे १७ किलोचा असतो. त्यात जॅकेट आणि रेग्युलेटरचे पाच-सहा किलो, वर सहा किलो शिसे धरले तर आकडा २८-२९ किलोवर जातो. हलत्या होडीत असे जॅकेट पाठीवर चढवून उभे राहणे सगळ्यांना झेपत नाही. पट्टा वापरणाऱ्याचे सहा किलो निदान वेगळे असतात.

दुसरी अडचण पाण्यात जॅकेट काढावे लागते तेव्हा येते. लहान होडीवर चढण्याआधी अनेकदा पाण्यातच जॅकेट उतरवून वर द्यावे लागते. सगळे वजन जॅकेटमध्ये असेल, तर जॅकेट काढताक्षणी ते खाली ओढू लागते आणि नुसता वेटसूट उरलेला माणूस बुचासारखा वर येतो. म्हणून आधी जॅकेटमध्ये हवा भरायची, मग दोन्ही पाऊच काढून होडीतल्या माणसाच्या हातात द्यायचे आणि शेवटी जॅकेट काढायचे. हा क्रम चुकला, तर महागडे साहित्य तळाला जाते. नाखवा वाकून जॅकेट उचलायला गेला आणि त्यात वजन तसेच असले, तर त्याचीही पाठ धरते.

तिसरी अडचण बारीक आहे, पण सर्वाधिक घडणारी. खटका नीट बसला नाही किंवा जुन्या वेल्क्रोची पकड गेली, तर पाऊच डाइव्हच्या मध्येच निसटतो. तीन किलो अचानक कमी झाले की डायव्हर एका बाजूला कलतो आणि वर खेचला जातो. हौशी डायव्हरला हे पाऊच हरवण्याचे दुःख शिशाच्या किमतीपेक्षा जास्त होते, कारण त्याच कंपनीचा त्याच मापाचा नवा पाऊच भारतात सहज मिळत नाही.

किती वजन, हे कसे ठरते?

पट्टा की पाऊच, या वादात मूळ प्रश्न मागे पडतो. बहुतेक नवे डायव्हर गरजेपेक्षा जास्त शिसे बांधतात. घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो, त्यामुळे खाली जात नाही. मग त्याला आणखी एक ठोकळा दिला जातो. खाली गेल्यावर तोच ठोकळा त्याला ओढतो, तो जॅकेटमध्ये जास्त हवा भरतो, ती हवा वर येताना फुगते आणि वेगावरचा ताबा सुटतो.

वजन तपासण्याची साधी चाचणी आहे. उभे राहून पाय न मारता जॅकेटमधली सगळी हवा सोडायची आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबायचे. पाण्याची रेषा डोळ्यांपाशी आली पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू डोके पाण्याखाली गेले पाहिजे. दगडासारखा खाली गेलात तर वजन जास्त, श्वास सोडूनही वरच राहिलात तर कमी.

यात एक मेख आहे. सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २२०० लिटर हवा मावते आणि तिचे वजन अडीच किलोहून जास्त भरते. ती हवा श्वासातून संपत जाते, तसा ॲल्युमिनियमचा सिलिंडर हलका होत जातो आणि शेवटी स्वतःच तरंगू लागतो. डाइव्ह संपताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची पद्धत आहे. वजन कमी असलेला डायव्हर नेमका तिथे थांबू शकत नाही. म्हणून चाचणी भरलेल्या सिलिंडरने केली, तर वर साधारण दोन किलो वाढवून घेतात.

शरीराची ठेवणही मोजावी लागते. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू जड असल्याने सारख्याच वजनाच्या पैलवानाला आणि बैठ्या नोकरीतल्या माणसाला शिसे वेगवेगळे लागते. त्यामुळे मित्राने सहा किलो बांधले म्हणून आपणही सहा किलो, हा हिशेब चालत नाही.

चिखलदऱ्यात हे गणित का बदलते?

चिखलदऱ्यात हौशी स्कूबा डायव्हिंग चालत नाही. तरीही विदर्भाच्या या एकमेव थंड हवेच्या ठिकाणाचे उदाहरण समजायला फार चांगले आहे, कारण इथे दोन गोष्टी एकदम बदलतात. पाणी गोडे होते आणि उंची वाढते.

आधी पाणी. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. ७० किलोचा माणूस, त्याचा सिलिंडर, जॅकेट आणि शिसे मिळून ९५ किलो धरू. मालवणच्या समुद्रात तो बरोबर समतोल असेल, तर भीमकुंडासारख्या गोड्या पाण्यात त्याला वर ढकलणारे बल सव्वादोन किलोहून अधिक कमी होते. म्हणजे समुद्रात सहा किलो शिसे वापरणाऱ्याने गोड्या पाण्यात साडेतीनच्या आसपास वापरायला हवे. ही सवय न बदलता तो समुद्राचाच पट्टा बांधून कुंडात उतरला, तर पहिल्या क्षणापासून तळाकडे ओढला जाईल. उलटेही तितकेच खरे आहे. अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या जलतरण तलावात सराव केलेला मुलगा तेच वजन घेऊन मालवणला गेला, तर समुद्र त्याला आत घेणार नाही.

आता उंची. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या सुमारे ८८ टक्केच असतो. कमी दाबात वेटसूटचे बुडबुडे किंचित जास्त फुगतात, त्यामुळे पृष्ठभागावर सूट थोडा जास्त तरंगतो. शिशाच्या हिशेबात हा फरक गोड्या पाण्याच्या फरकापुढे लहान आहे. थंडीसाठी जाड सूट घातला, तर मात्र मोठा फरक पडतो आणि गोड्या पाण्याने कमी केलेले शिसे सूटमुळे परत वाढू शकते.

उंचीचा खरा धोका वजनात नसून नायट्रोजनमध्ये आहे. ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात उतरताना डायव्हिंगचे वेगळे तक्ते वापरायचे असतात. चिखलदऱ्याच्या उंचीवर १८ मीटरची डाइव्ह तक्त्यात समुद्रातल्या सुमारे २० मीटरच्या डाइव्हएवढी धरावी लागते. वर येण्याचा वेग आणखी कमी ठेवावा लागतो. आता या दोन्ही गोष्टी एकत्र करा. ज्याचे वजन चुकले आहे तो वेग सांभाळू शकत नाही आणि ज्या उंचीवर वेग सर्वाधिक सांभाळायला हवा तिथे तो वर फेकला जातो.

शोधपथकांसाठी कोणती पद्धत सोयीची?

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला आहेत. चिखलदऱ्याचा घाट चढून त्यांना पोहोचायला काही तास लागतात. तोवर काम येते ते अमरावतीच्या जिल्हा शोध व बचाव पथकावर, अकोला जिल्ह्यातल्या पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारख्या स्वयंसेवकांवर आणि गावोगावच्या भोई-ढीवर समाजातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांवर. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा बळी गेला, तेव्हाही मृतदेह शोधण्याचे काम काही दिवस चालले होते.

अशा पाण्यात मालवणसारखे प्रवाळ आणि मासे दिसत नाहीत. पावसाळ्यात नदी-कुंडांचे पाणी इतके गढूळ असते, की स्वतःचा हात दिसत नाही. डायव्हर दोरीला बांधलेला असतो, दुसरे टोक काठावरच्या सहकाऱ्याच्या हाती असते आणि शोध हाताने चाचपून घेतला जातो. फांद्या, मासेमारीची जाळी, तारा, दगडाच्या कपारी सगळीकडे असतात.

इथे पट्ट्याचा गुणच त्याचा दोष होतो. एका झटक्यात उघडणारे बक्कल फांदीलाही एका झटक्यात उघडता येते. अंधाऱ्या पाण्यात पट्टा नकळत निसटला, तर डायव्हर अनियंत्रित वेगाने वर येतो. जॅकेटमधले पाऊच बाजूला दडलेले असल्याने सहसा अडकत नाहीत, पण त्यांची मूठ बाहेर लोंबत असेल तर तीही फांदीत अडकू शकते. दोरीचा हार्नेस, पट्टा आणि जॅकेट अंगावर चढवण्याचा क्रम चुकला आणि पट्टा हार्नेसखाली गेला, तर तो टाकताच येत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणची शोधपथके वजन विभागून घेतात. काही भाग जॅकेटमध्ये, काही वेगळ्या हार्नेसवर, आणि एकच गोष्ट सुटली तर सगळे सुटणार नाही अशी रचना.

पथकासाठी साहित्य घेताना आणखी एक मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा असतो. सगळ्यांची पद्धत एकच असावी. पट्ट्याचे बक्कल सगळीकडे सारखे आहे, पण पाऊचचे खटके कंपनीगणिक वेगळे. देणगीतून मिळालेले एक जॅकेट, जुने दुसरे आणि उसने आणलेले तिसरे अशी सरमिसळ झाली, तर संकटात सापडलेल्या सहकाऱ्याचा पाऊच दाबून ओढायचा की नुसता ओढायचा, हे अंधारात ठरवावे लागेल. तेवढा वेळ नसतो.

वजन कधी टाकायचे आणि कधी नाही?

डायव्हिंग अपघातांच्या नोंदी ठेवणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थांच्या अहवालांत एक बाब वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येते. मृत डायव्हर सापडतात तेव्हा अनेकांच्या अंगावर वजने तशीच असतात. वजन पट्ट्यात होते की पाऊचमध्ये, हा प्रश्न त्यानंतरचा. मूठ आणि बक्कल दोन्ही होते, हात तिथपर्यंत गेला नाही. घाबरलेल्या माणसाचा हात तोंडाकडे आणि मास्ककडे जातो, कमरेकडे जात नाही. ही हालचाल सवयीने अंगात भिनवावी लागते आणि प्रशिक्षणाच्या चार दिवसांनंतर तिचा सराव क्वचितच कोणी करतो.

पृष्ठभागावर माणूस दमला असेल, जॅकेट फुगत नसेल, लाटा तोंडात पाणी घालत असतील, तर वजन लगेच टाकायचे. त्यात मागेपुढे पाहण्यासारखे काही नाही, शिसे परत मिळते. पाण्याखाली मात्र हा अगदी शेवटचा उपाय आहे. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वेगाने वर आलेल्याचे फुप्फुस फाटू शकते. म्हणून वजन टाकावेच लागले, तर श्वास सतत सोडत राहायचे आणि हात-पाय पसरून आडवे होत वेग कमी करायचा.

पाऊचच्या पद्धतीत एक सोय अशी, की दोनपैकी एकच पाऊच टाकता येतो. सहा किलोऐवजी तीन किलो गेले, तर वर जाण्याचा वेग आटोक्यात राहण्याची शक्यता जास्त. पट्टा मात्र सगळा असतो किंवा सगळा जातो. या एका मुद्द्यावर पाऊच सरस आहेत. पण ती मूठ ओढायला लागणारा जोर जास्त असतो. हातमोजे घातलेल्या, थंडीने बधिर झालेल्या बोटांना ती जमते का, हे उथळ पाण्यात आधी पाहायला हवे.

मग निवड कशी करायची?

मालवणला एका डाइव्हसाठी जाणाऱ्या पर्यटकाला निवड करायचीच नसते. साहित्य तिथले, वजन ठरवणारा प्रशिक्षक तिथला. त्याने एवढेच विचारावे, की माझे वजन कुठे बांधले आहे आणि ते कसे सुटते. ते दाखवायला प्रशिक्षकाला दहा सेकंद लागतात. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हंगामात इतक्या होड्या असतात, की घाईत हा संवाद राहून जातो.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्लीतल्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रात किंवा अन्यत्र पूर्ण अभ्यासक्रम करणाऱ्याने पट्ट्यावर शिकलेले बरे. पट्ट्यावर शिकलेला माणूस पुढे पाऊच सहज वापरतो. पाऊचवर शिकलेल्याच्या हाती पट्टा आला, तर तो गोंधळतो. शिवाय पट्टा स्वस्त आहे आणि कुठल्याही केंद्रावर मिळतो.

स्वतःचे जॅकेट विकत घ्यायचे ठरवले, पाठीचा त्रास आहे किंवा वर्षातून अनेकदा डाइव्ह करणार आहात, तर पाऊचचे जॅकेट घ्यावे. खरेदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. केंद्रांवर शिशाचे ठोकळे वेगवेगळ्या आकाराचे असतात आणि तीन किलोचा जाड ठोकळा अनेक पाऊचमध्ये जातच नाही. अशा वेळी एक-एक किलोचे ठोकळे किंवा शिशाच्या गोळ्यांच्या मऊ पिशव्या लागतात. दुसरे म्हणजे पाऊचची क्षमता. जाड सूट घालणाऱ्याला दहा किलो लागत असतील आणि दोन पाऊच मिळून आठच किलो घेत असतील, तर उरलेले दोन किलो पाठीच्या खिशात जातील. मग संकटात किती वजन सुटेल, याचा हिशेब वेगळा. अनुभवी लोक दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. चार किलो जॅकेटमध्ये, दोन किलो हलक्या पट्ट्यावर. त्यामुळे पाण्यात जॅकेट काढले तरी माणूस एकदम वर उसळत नाही आणि कमरेवरही भार येत नाही.

कोणत्याही पद्धतीत पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराची तपासणी करायची असते. आधी जॅकेट फुगते का, मग वजन, मग इतर पट्टे, मग हवा, शेवटी एक नजर सगळ्यावर. वजनाच्या टप्प्यावर नुसते बोट दाखवू नये. पाऊचला हलकी ओढ देऊन खटका बसला आहे याची खात्री करावी आणि पट्ट्याचे मोकळे टोक बाहेर आहे हे हाताने पाहावे.

मालवणहून परतताना…

वऱ्हाडातल्या पर्यटकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजन साठलेला असतो आणि उंचीवर गेल्यावर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. त्यामुळे एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळण्याचा सल्ला दिला जातो. गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबई आणि एप्रिल २०२५ पासून मुंबईहून थेट अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरता येते. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान असे वेळापत्रक त्यामुळे मोहात पाडते.

रस्त्याने येणाऱ्यांनाही हा नियम विसरून चालत नाही. मालवणहून बेळगाव-कोल्हापूरकडे निघाले, की काही तासांत आंबोलीचा घाट लागतो आणि आंबोलीची उंची ७०० मीटरच्या जवळपास आहे. दुपारी दोन डाइव्ह करून रात्रीच घाट चढण्याऐवजी तो मुक्काम मालवणातच करून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघावे. परतल्यावर सांधे दुखणे, अंगाला मुंग्या येणे, चक्कर किंवा अंगावर चट्टे असे काही जाणवले, तर ते प्रवासाच्या थकव्यावर ढकलू नये. डॉक्टरांना डाइव्ह कधी, किती वेळा आणि किती खोल केली, हे आधी सांगावे.